आभाराच्या निकम बाई

शनिवार, १३ डिसेंबर २००३. दुपारी साडेतीन. स्थळ : गंगापूर रोडला, धरणाच्या अलीकडे, आबांचं मोकळं वावर. कार्यक्रम : रॉक संगीत, खुल्या मैदानात.

हजर : मी (मंगल, शाळेत हेडक्लार्क), सिंधू निकम (त्याच शाळेत भूगोल), तिचा मुलगा निलेश (स्टेजवर, गिटार आणि गाणं), वावराचे मालक आबा, चारेकशे तरुण मुलं, त्यातली बहुतेक काळ्या कपड्यांत, आणि सत्कारासाठी बोलावलेले अकरा मान्यवर. बारावे ऐन वेळी आले. पुढचं सगळं त्या बाराव्यांमुळे झालं.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या डायरीतली. माझ्या डायरीत डाव्या पानावर करायची कामं असतात, उजव्या पानावर झालेल्या गोष्टी. काम झालं की टिक. वर्ष संपताना बिनटिकेचं काही उरलं तर ते नव्या डायरीच्या पहिल्या पानावर जातं. सिंधू म्हणायची, "मंगल, तू वर गेलीस की चित्रगुप्त खुर्ची सोडून उठेल. म्हणेल, बसा बाई, जरा मला शिकवा."

सिंधूला सगळे निकम बाई म्हणत. शिकवायची भूगोल, पण गावात तिची ओळख आभाराची. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की स्वागत, प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण असा क्रम असतो आणि शेवटी, लोक चपला शोधत असताना, कुणीतरी आभार मानतं. ज्याला दुसरं काही देता येत नाही त्याला सहसा हे काम देतात. सिंधूने ते मागून घेतलं होतं. तिच्या आभाराला लोक चपला हातात घेऊन थांबत. मोठे पाहुणे ती एका वाक्यात उरकायची. मग मांडववाला, माइकवाला, सतरंज्या घालणारे, पाण्याचं पिंप भरणाऱ्या मावशी. एकेकाचं नाव, गाव आणि त्याने नेमकं काय केलं ते. "पाहुण्याचं नाव चुकलं तर पाहुणा रागावतो," ती म्हणायची, "पाणी देणाऱ्याचं चुकलं तर पुढच्या वेळी पाणीच येत नाही."

शाळेच्या कार्यक्रमांना व्यवस्था माझी आणि आभार तिचे, अशी वीस वर्षांची वाटणी होती. आदल्या दिवशी ती माझ्या टेबलाशी यायची आणि माझी यादी उतरवून घ्यायची. सत्काराचं सामान मी मोजून आणायचे, शाली मात्र नेहमी दोन जास्त. आपण बोलावलेले तेवढेच पाहुणे येतात, असं नाशकात आजवर घडलेलं नाही. एकदा मुख्याध्यापक घाईत होते. म्हणाले, "आज आभार राहू द्या बाई, वेळ झालाय." सिंधूने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी वरण न वाढता पंगत उठवली. "सर, कार्यक्रम आभाराशिवाय संपत नाही. नुसता थांबतो."

पुढे पुढे हे व्यासपीठावरून घरात आलं. सिटी बसमधून उतरताना ती कंडक्टरचे आभार मानायची, नावानिशी. मागची माणसं दारात अडकून पडायची. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणाली, "नंतर राहून जाईल, म्हणून आत्ताच मानते." वॉर्डबॉयपर्यंत पोचायच्या आत तिला झोप लागली. शुद्धीवर आली ती तिथूनच पुढे सुरू झाली. मिस्टर गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी घर भरलेलं असताना ती उभी राहिली आणि शववाहिनीच्या ड्रायव्हरपासून सगळ्यांचे आभार मानले, एकही नाव न गाळता. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

निलेशशी बिनसलं तेही यावरूनच. त्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला त्याचं गाणं झालं. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणारी मुलगी "धन्यवाद" एवढंच म्हणून निघाली होती. सिंधूला ते सहन झालं नाही. ती स्टेजवर गेली, माइक घेतला आणि वीस मिनिटं बोलली. त्यात तिने गणिताच्या प्राध्यापकांचेही आभार मानले, "कारण त्यांनी आमच्या निलेशला दोनदा नापास केलं, म्हणून तो संगीताकडे वळला." सगळं सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले. निलेशने गिटार पिशवीत घातली आणि त्यानंतर आठ महिने तो आईशी कामापुरतं बोलत होता. जेवायला वाढ. किल्ली कुठेय. बाहेर जातोय. मधल्या काळात त्याने कॉलेजही सोडलं. ते तिला शेजाऱ्यांकडून कळलं.

म्हणून डिसेंबरात तो माझ्या टेबलाशी दोन पास घेऊन आला तेव्हा मी रजिस्टर मिटून ठेवलं.

"मावशी, आईला आण. पण अट आहे."

अट त्याने कागदावर लिहून आणली होती, वळण थेट आईचं. स्टेजवर चढायचं नाही. कुणाचेही, कुठेही आभार मानायचे नाहीत. खाली सहीसाठी रेघ मारलेली.

"आणि मानले तर?"

"तर मी जानेवारीत पुण्याला जातोच आहे. परत येताना विचार करीन."

मी तो कागद सिंधूपुढे ठेवला. तिने दोनदा वाचला, लाल पेनाने एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली. मग म्हणाली, "साक्षीदार म्हणून तूही कर. मला माझा भरवसा नाही."

त्या दिवशीच्या डाव्या पानावर माझी यादी अशी : सतरंजी एक, थर्मास एक, पेरू चार, कानात घालायला कापूस, टॉर्च, शाल एक (माझी, नवी, मोरपंखी), सिंधूला स्टेजपासून लांब ठेवणे.

माझ्या स्कूटीवरून आम्ही पोचलो तेव्हा निलेश स्टेजवर तारा जोडत होता. त्याने आम्हाला पहिल्या रांगेत उजवीकडच्या दोन खुर्च्या दाखवल्या. तिथून स्टेजच्या पायऱ्या सगळ्यात लांब होत्या. मुलगा माझ्यासारखाच नीटनेटका आहे, असं वाटलं. बँडचं नाव इंग्रजी होतं. अर्थ विचारला तर चौघेही वेगवेगळा सांगत. सिंधू आजूबाजूच्या मुलांकडे बघत होती. कवट्यांचे टीशर्ट, मनगटात साखळ्या. एकाच्या दंडावर ड्रॅगन गोंदलेला. त्याने तिला पाहिलं आणि लगबगीने बाही खाली ओढली. "नमस्कार बाई. ब तुकडी."

आता, तीन गिटार आणि एक ढोल एवढ्यावर हा कार्यक्रम साडेतीनला सुरू होऊन साडेपाचला संपला असता. पण संयोजक नाशिकचे होते. संयोजकांनी पुढारी बोलावले, पुढाऱ्यांनी जाहिरातदार आणला आणि जाहिरातदाराबरोबर मान्यवर आले आणि सत्काराची यादी अकरावर गेली. मग समई आली. धरणावरचा वारा, मेणबत्ती टिकेना. शेवटी ढोल वाजवणाऱ्या मुलाने खिशातून लायटर काढून दिला. दिल्यावर त्याला आठवलं की समोर त्याचे वडील बसलेत. वडिलांनाही ते तेव्हाच कळलं.

मग भाषणं. एका पाहुण्यांनी तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावं असं सांगितलं. त्यांच्या डोक्यावर मोठा फलक होता, सोड्याचा. त्या नावाची बाटली सोड्यासाठी कुणी विकत घेत नाही हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक होतं. दुसरे पाणीपुरवठ्यावर बोलले. गिटारी गळ्यात अडकवून बँडमधली मुलं स्टेजच्या मागे पाऊण तास उभी होती, लग्नात मुहूर्त टळल्यावर नवरदेव उभा राहतो तशी. मागून "गाणं, गाणं" असा ओरडा सुरू झाला. पाहुण्यांना वाटलं, भाषण रंगलंय.

सिंधू माझ्या कानाशी म्हणाली, "हे सगळे आपापले आभार मानतायत गं."

"तू गप्प बस. सही केली आहेस."

"गप्पच आहे. नुसतं सांगते."

सत्कार सुरू झाले. सवयीने मी शाली मोजल्या. अकरा. नावं पुकारली जात होती, फेटे बांधले जात होते. दुसऱ्या रांगेत, आमच्या मागेच, पांढऱ्याशुभ्र धोतरातला एक म्हातारा पाठ ताठ करून बसला होता. दाढी ताजी केलेली, पायात कोऱ्या वहाणा. सिंधूने मागे वळून चौकशी केलेलीच होती. हे आबा. वावर त्यांचं. भारनियमन असल्यामुळे ज्या जनरेटरवर सगळा कार्यक्रम चालणार तोही त्यांचाच, द्राक्षांच्या शीतगृहाचा. आणि यादीत अकरावं नाव त्यांचं होतं, संयोजक सकाळीच घरी येऊन सांगून गेले होते.

नवव्या शालीला एक जीप आली. पुढाऱ्यांचे साडू उतरले. संयोजकांची कुजबुज झाली. दहावी शाल दहाव्या पाहुण्यांना गेली, अकरावी साडूंना. "सत्कार समारंभ इथे संपन्न झाला," असं सूत्रसंचालक म्हणाला. आबा अर्धवट उठलेले होते. ते तसेच थांबले, मग धोतर झटकल्यासारखं केलं आणि हळूहळू चालत मागच्या शेडकडे निघून गेले.

"मंगल," सिंधू म्हणाली, "घोटाळा झाला."

"मला दिसलं. दोन शाली जास्त आणायला हव्या होत्या."

"आता जनरेटर जाईल बघ."

पहिलं गाणं झालं. माझ्या कानात कापूस होता, तरी छातीत दणके बसत होते. सिंधू भूगोलाचा तास तपासायला आल्यासारखी मन लावून ऐकत होती. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर सगळं गप्प झालं. गिटार नुसती टणटणली. निलेशचा आवाज उघडा पडला, उघड्या मैदानात अगदी बारीक.

संयोजक शेडकडे धावले आणि तोंड पाडून परत आले. आधी डिझेल संपलं म्हणाले, मग बेल्ट तुटला म्हणाले. मागच्या मुलांनी शिट्ट्या सुरू केल्या. मग पाण्याच्या बाटल्या स्टेजकडे येऊ लागल्या, एक निलेशच्या पायाशी पडली. तो माइकमध्ये "दोन मिनिटं, दोन मिनिटं" म्हणत होता. माइक बंद होता. काही मुलं उठून गाड्यांकडे निघाली. कॉलेज सोडून निलेश ज्यासाठी घरी बसला होता, ते चारशे लोकांदेखत मोडत होतं.

सिंधू उठली. मी तिचा हात धरला.

"स्टेजवर नाही जात," ती म्हणाली. "तुझी शाल दे. आणि एक पेरू."

शेडमागे आबा बाजेवर बसले होते. किल्ली बंडीच्या खिशात. सिंधूने वाकून नमस्कार केला.

"काय बाई, डिझेल बघाया आल्या का?" आबा म्हणाले. "डिझेल लय हाय. यंत्र बी चांगलं हाय. माणूसच बिघाडलंय."

"तुमचं काही चुकलं नाही आबा."

"सकाळी घरी येऊन सांगून गेले. म्हातारीनं धोतराला नीळ दिली. आन् वावर माझं, यंत्र माझं, शाल साडूला. मला शाल नको बाई, घरी धा पडल्यात. पण मी अर्धा उठलो होतो. लोकांनी बघितलं."

सिंधूने माझी मोरपंखी शाल उलगडली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. हातात पेरू दिला. मग ती सरळ उभी राहिली, माइकसमोर राहते तशी. समोर आबा, मी आणि दोन बैल. तिने नांगरट थांबवून वावर दिल्याबद्दल आभार मानले. वाटेतला बांध फोडून गाड्यांना रस्ता केला त्याबद्दल मानले. धोतराला नीळ देणाऱ्या माऊलींचे मानले. तिने हे सगळं कधी विचारून ठेवलं होतं कुणास ठाऊक. बोलता बोलता तिचा आवाज फिरला आणि ती माहेरच्या अहिराणीत गेली, सटाण्याकडची ती. "आबा, तठे जो गाणं म्हनी ऱ्हायना ना, तो मना पोऱ्या शे." तिथे जो गातोय ना, तो माझा मुलगा आहे.

आबांनी पेरू बाजेवर ठेवला. "आधी सांगायचं नाय का," म्हणाले. "पोराचं काम आडवू का मी." त्यांनी किल्ली काढली. जनरेटर दोनदा खोकला आणि धडधडायला लागला. मैदानावरून एकच आरोळी आली.

सिंधू वळली, तर आबांनी दुसरी बाज ओढली. "बसा. सत्कार केला आन् च्या न घेता जाता? मंग तुमच्यात आन् त्यांच्यात फरक काय?" आत म्हातारी चुलीला फुंकर घालत होती.

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. बसावंच लागणार होतं. "तू जा," ती माझ्या कानात ओरडली, कारण जनरेटर चार हातांवर होता. "नीट ऐक. मला सगळं सांग."

मी खुर्चीवर येऊन बसले तेव्हा निलेश माइकशी होता. तो म्हणाला, "पुढचं गाणं मी लिहिलंय. आमच्या घरी कार्यक्रम आभाराशिवाय संपत नाही. तर हे आभार समजा. आई, तुझे." मुलं ओरडली. त्याने डोळ्यांवर हात धरून पहिल्या रांगेत उजवीकडे पाहिलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर थर्मास होता.

त्याने हात खाली घेतला. मग गायला लागला. गाणं मराठी होतं, एका बाईचं, जी दारात उभी राहून जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेते. मला संगीतातलं कळत नाही. पण कापूस मी काढला होता.

गाणं संपल्यावर सिंधू आली, तोंडाला धुराचा वास. निलेशने गिटार पुसली आणि आमच्याकडे न बघता आत गेला. परतताना आनंदवल्लीपर्यंत मी स्कूटीवरूनच तिला सगळं सांगितलं, शब्द न शब्द. ती मागे बसून होती, चेहरा दिसत नव्हता. मग म्हणाली, "मला ढोल तेवढा ऐकू येत होता."

"घरी गेल्यावर सांग त्याला, कुठे होतीस ते."

"काय सांगू? सही करून आभार मानायला गेले होते? आज त्याने माझे मानले, मंगल. आणि त्याच वेळी मी मागे बसून तेच करत होते, हे कळलं तर म्हणेल, आजसुद्धा आईला राहवलं नाही. उठून गेली म्हणू दे. शब्द मोडला नको म्हणायला."

"आणि जनरेटर?"

"जनरेटर डिझेलवर चालतो. त्याचं गाणं त्याच्या जोरावर झालंय. तूही सांगायचं नाहीस. सही कर हवं तर."

मी सही केली नाही. पण हो म्हणाले.

निलेश जानेवारीत पुण्याला गेला. वाईट वागला नाही. फोन करायचा, सणाला यायचा, पहिल्या पगारातून आईला मिक्सर आणला. पुढे त्याचे कार्यक्रम बरेच झाले. तिला पुन्हा बोलावलं नाही आणि तिने विचारलं नाही. आबा मात्र दर फेब्रुवारीला शाळेत द्राक्षांची पेटी पाठवत, "आभाराच्या बाईंना" असं लिहून. स्टाफरूममध्ये द्राक्षं सगळे खात. कशाबद्दल, ते कुणी विचारत नसे.

सिंधू २००९च्या श्रावणात गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने मला कागद घ्यायला लावला आणि नावं सांगितली, अकरा. परिचारिका, सफाईची मावशी, लिफ्टवाला. मी त्या सगळ्यांना भेटून आले, टिका केल्या. शाळेत शोकसभा झाली. सहा भाषणं. शेवटी एक नवे शिक्षक सवयीने आभारप्रदर्शनाला उभे राहिले, मग चूक लक्षात येऊन बसले. तेवढ्यावर सभा थांबली.

तेराव्याला निलेश आणि मी भाड्याच्या खुर्च्या मोजून टेम्पोत चढवत होतो. तो म्हणाला, "मावशी, आईला माझं गाणं कधी आवडलंच नाही ना? त्या दिवशी मी तिच्यासाठी लिहिलेलं म्हणत होतो आणि ती उठून गेली."

माझ्या हातात चाळीसावी खुर्ची होती. मी म्हणाले, "दोन खुर्च्या कमी भरतायत. आत बघ जरा." तो आत गेला. खुर्च्या बरोबर होत्या.

माझी बाकीची कामं होतात. दिवाबत्तीची बिलं, नातीची लस, पेन्शनचा हयातीचा दाखला. दर एकतीस डिसेंबरला मी जुनी डायरी मिटते आणि नव्या डायरीच्या पहिल्या पानावर एकच ओळ उतरवते : निलेशला सांगणे. यंदाही उतरवली आहे. पुढे त्याचा नंबर लिहिला आहे, बदललेला.